चवथीच्या चौथ्या दिवशीची बैठक

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळे घरी येतात, पण एकत्र काही येत नाहीत. ज्याचा त्याचा गणपती, ज्याचं त्याचं मूळ घर. फोंड्याला कॉलेजात असताना ज्यांच्याबरोबर गाण्या-बजावण्यात रात्री घालवल्या, ते सगळे आता मुंबई, पुणे, बेळगावला पांगलेत. त्यांना केरीच्या आमच्या घरी एका संध्याकाळी बसवायचं ठरवलं. बहुतेकांचा गणपती दीड दिवसाचा, आमचा पाच दिवसांचा. त्यांनी आपापले गणपती पोचवले, तिसरा दिवस झोपेत घालवला, की चौथा मोकळा. हे जमलं आणि जीव भांड्यात पडला.

तिकिटांचं सांगण्यासारखं काही नाही. साठ दिवस आधी सकाळी आठला आरक्षण उघडतं आणि चहा संपायच्या आत वेटिंग सुरू होतं. एकाला मडगावचं मिळालं, दुसरा बसने आला आणि येतानाचे खड्डे दोन दिवस सांगत राहिला.

खरी कसरत वाद्यांची. आमचा गाणारा मित्र कॉलेजात काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या त्या काळ्या पट्टीला सा धरून, गायचा. फोनवर विचारलं, "पट्टी कुठली?" तर म्हणे, "तीच रे!" आता ब्लडप्रेशरच्या गोळ्या सुरू झाल्यावर कोणाची पट्टी तीच राहते? म्हटलं, दोन ओळी म्हणून पाठव. पेटीवर लावून बघितल्या तर पांढरी एक, म्हणजे चांगलीच खाली, तीही ओढूनताणून. घरातला तबला काळी दोनचा. तो एवढा उतरवला की चामड्याच्या वाद्या सैल पडतात आणि चाट, म्हणजे तबल्याची कड, वाजायची सोडून नुसती ठस्स करते. मोठ्या तोंडाचा तबला हवा होता. तो शेजारच्या वाड्यावरच्या एका निवृत्त मास्तरांकडे निघाला. मास्तर म्हणाले, "देतो, पण वाजवणार मी." बिनपैशाचा तबलजी मिळाला.

पुतण्या साउंड सिस्टीम आणायला निघाला होता, त्याला थांबवलं. रात्री दहानंतर स्पीकर लावता येत नाही हे एक, पण माझं कारण वेगळं होतं. तोंडापुढे माईक आला की मित्र गायक होतो आणि बाकीचे प्रेक्षक. मग मध्येच "अरे, ती जागा परत घे" म्हणायची सोय राहत नाही.

राहिलं घुमट. मातीच्या भांड्याच्या मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. त्यावर डाव्या हाताचा तळवा झाकत-उघडत आवाज घुमवायचा. 2019 साली सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य केलं, पण भाद्रपदातल्या दमट हवेला त्याचं काय! चामडं पार लुळं पडलं होतं. पूर्वी ते घोरपडीचं असे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला हात लावता येत नाही, म्हणून आता बकऱ्याचं. जुनी माणसं अजून नाकं मुरडतात. मला फरक कळतो, पण घोरपड जिवंत राहिलेली बरी. चुलीपासून हातभर लांब धरून घुमट फिरवत, मधूनमधून टिचकी मारत बसलो. चुलीवर खतखतं, म्हणजे मिसळीची भाजी, होतं. आई म्हणाली, "खतखतं शिजतंय की घुमट?" टिचकीचा आवाज थपवरून टणवर आला तेव्हा उठलो.

गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली आरत्या सुरू झाल्या. घुमट, जोडीला शामेळचा ढोल आणि कासाळ्यांच्या झांजा. ज्यांना पोरांचे मोबाइल नंबर पाठ नाहीत त्यांना आरत्यांची कडवीच्या कडवी पाठ होती. एक संपली की कोणीतरी दुसरी उचलायचं. नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, गार झाल्या.

मग बैठक. पहिलंच नाट्यपद, आणि गडी तार षड्जापाशी अडकला. पेटीवाला म्हणतो, "गायिका केसरबाई केरकरांचं गाव आहे हे! बाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली, तुला वरचा सा लागेना?" हशा पिकला आणि गंमत म्हणजे त्यानंतर गळा मोकळा झाला. मास्तर ठेका असा धरून होते की चुकायला जागाच नव्हती. मधल्या वेळात बेळगाववाल्याने अभंग घेतला, बेसूर, पण पूर्ण जोरात. कोणी थांबवला नाही.

दहाला भैरवी घ्यायचं ठरलं होतं. पावणेदहाला शेजारच्या काकी येऊन टेकल्या. "आत्ता कुठे गळा तापलाय त्याचा, आणि भैरवी कसली घेता?" ती साडेबाराला झाली. गवसणीची नाडी बांधता बांधता मास्तर विचारत होते, "उद्या कोणाकडे?"