आधी चाकं हलवून बघ

मुलाला स्केटिंगच्या क्लासला सोडता सोडता एखादी मैत्रीण स्वतःच स्केट्स घालायला लागते आणि वर्षभरात मोठ्यांच्या गटात नाव देऊन मोकळी होते. रेसच्या आदल्या रात्री तिला फोन करून ‘घाबरू नकोस’ म्हणू नये. पोटात गोळा आलेला नसेल तर तो नेमका तेव्हा येतो. आपल्याकडे धीर देतात, म्हणजे या हातातून त्या हातात जाणारी ती वस्तू असावी. स्केटिंगमध्ये बऱ्याचदा ती चाकांचे बोल्ट फिरवायची चार मिलिमीटरची अ‍ॅलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, असते.

तेव्हा फोन केलाच तर एवढंच सांगावं, “आधी चाकं हलवून बघ.” स्केट उलटा मांडीवर घ्यायचा आणि एकेक चाक चिमटीत धरून आडवं हलवायचं. खुळखुळलं तर बोल्ट ढिला किंवा बेअरिंग गेलेलं. मग टिचकी मारून फिरवायचं. गचकन थांबलं तर बोल्ट फार आवळलाय. नवखी माणसं भीतीपोटी आवळतातच. थोडासा सैल केला की चाक सुटतं. आतली कड झिजली असेल तर डाव्या स्केटचं चाक न उलटवता तसंच उजव्यात घालायचं, उजव्याचं डाव्यात. झिजलेली बाजू आपोआप बाहेर जाते. मात्र हे दोन-तीन दिवस आधी करून त्यावर एकदा सराव झालेला असावा. रेसच्या सकाळी पाय अनोळखी चाकांवर नकोत.

बेअरिंगचंही तसंच. इनलाइन, म्हणजे एका ओळीत चार चाकं असलेल्या स्केट्सच्या जोडीत ती सोळा असतात, ६०८ नंबरची: आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, रुंदी ७. पुण्यात दर तीन घरांआड एक निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर काका असतात, ते एबेक ७ घ्यावं की ९ यावर तासभर बोलू शकतात. बोलू द्यावं. एबेकचा आकडा मापातला काटेकोरपणा सांगतो, वेग नाही. रिंकवरच्या धुळीपुढे दोन्ही सारखीच हरतात. पेट्रोलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. जास्त घातलं की तेलाला धूळ चिकटते आणि चाक दळण दळल्यासारखं वाजतं.

रिपोर्टिंग सकाळी सातचं असतं. आधी पाच-सहा वर्षांची चिल्लीपिल्ली धावतात, मग वयोगट चढत जातात, आणि मोठ्यांचा नंबर लागेस्तोवर बारा वाजतात. त्यामुळे पहाटे पोटभर पोहे हा हिशेब चुकतो. घरून निघताना थोडे पोहे, दहाच्या सुमारास केळं, पाणी घोट घोट. मिसळ नंतर. डिसेंबर-जानेवारीत रिंकवर दव असतं. ओल्या सिमेंटवर चाक धरत नाही. चाकं पुसायला एक जुना नॅपकिन जवळ ठेवावा. पाठीवरच्या नंबरासाठी चार सेफ्टी पिनाही न्याव्यात, ऐनवेळी त्या कुणाकडेच नसतात.

तिचा गट पुकारायच्या अर्धा तास आधी साधे बूट घालून थोडं पळणं, मग स्केट्सवर दहाएक सावकाश लॅप, दोन-तीन स्टार्ट. स्टार्टला टाचा जवळ आणि पंजे बाहेर. पहिली सहा-आठ पावलं बदकासारखी पळायची, घसरायचं नाही. पंजे सरळ राहिले तर चाक मागे सटकतं आणि शिट्टी वाजताच आपण जागच्या जागी. खरी परीक्षा वळणावर. रिंकवर डावीकडे वळत फिरतात. वळण आलं की भीतीने माणूस ताठ होतो, आणि ताठ झाला की बाहेर फेकला जातो. गुडघे खाली, आणि झुकायचं ते घोट्यापासून डोक्यापर्यंत एका रेषेत. कमरेतून वाकलं की खांदा आत पडतो, पाय बाहेर पळतो. क्रॉसिंगमध्ये उजवा पाय डाव्यावरून टाकतात हे सगळ्यांना दिसतं. डावा पाय बाहेरच्या कडेने खालून ढकलतो तेव्हा वेग टिकतो, ते प्रेक्षकांना दिसत नाही.

आता ओरडण्याबद्दल. कठड्याला रेलून ‘चल, चल, चल’ करणाऱ्यांचा तिला काडीचा उपयोग नसतो. एकच शब्द ठरवून घ्यावा. ‘गुडघे’ उत्तम. तो सरळ पट्ट्यावर, वळणातून बाहेर पडल्या पडल्या द्यायचा, वळणात गप्प. ‘मागून येतेय!’ हे तर कधीच नाही. ती मान वळवणार, मानेबरोबर खांदा, खांद्याबरोबर स्केट, आणि मागची थेट अंगावर. पडलीच तर मुठी मिटून हात पोटाशी घ्यायचे, बोटांवरून चाकं जातात. हे आधी एकदा घरच्या गादीवर करून घ्यावं. हसू येतं, पण हाताला सवय लागते.

शेवटची रेघ ओलांडण्याबद्दल हांगझोऊ आशियाई स्पर्धेतला २ ऑक्टोबर २०२३ चा दिवस तिला सांगावा. पुरुषांच्या ३००० मीटर रिलेत कोरियाच्या शेवटच्या स्केटरने रेघेआधीच हात उंचावले. शेजारच्या तैवानच्या खेळाडूने पाय पुढे सारला आणि ०.०१ सेकंदाने सुवर्ण नेलं. त्याच रेसचं कांस्य भारताला मिळालं, चौघांत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही आपली मराठी नावं. तेव्हा हात नंतर. आधी पुढचा पाय, जमिनीलगत, शेवटपर्यंत.

नंबर कितवा आला ते लगेच विचारू नये, तिलाही माहीत नसतं. थांबायला तिला अजून एखादा लॅप लागेल. मग ती कठड्याला धरून बसेल, लेस सोडेल, आणि पाय कुठे टेकवावा कळणार नाही, कारण चपला रिंकच्या दुसऱ्या टोकाला राहिलेल्या असतात. त्या आधीच आणून ठेवाव्यात.