चिंचोका परत डब्यात टाका

शाळा सोडल्यावर मी लॅब टेक्निशियन झालो. आज गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासण्या करतो. शाळेत शिकलेलं बरंच काही विसरलो, पण दहावीतला आनुवंशिकतेचा धडा मला जवळजवळ रोज लागतो. म्हणून शाळेच्या महोत्सवाच्या या स्मरणिकेत त्याच्याविषयीच लिहितो.

आमच्या विज्ञानाच्या बाईंनी आधी मेंडेलची गोष्ट सांगितली. ब्रनो गावच्या मठातला हा साधू १८५६ पासून वाटाण्याची रोपं लावत होता, त्यांचे संकर करत होता आणि दाणे मोजत होता. गोल दाण्यांच्या आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. त्यांच्या पुढच्या पिढीत मात्र ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले! मधल्या पिढीत सुरकुती गेली नव्हती, नुसती दडून बसली होती. मेंडेलने हे १८६५ साली वाचून दाखवलं, १८८४ मध्ये तो गेला आणि जगाने त्याची दखल घेतली ती १९०० साली. बाईंना याचं मनापासून वाईट वाटायचं.

मग बाईंनी दोन डबे आणले. एक आईचा, एक बापाचा. प्रत्येकात निम्मे चिंचोके सालीसकट तपकिरी, निम्मे भाजून सोललेले पांढरे. डोळे मिटून प्रत्येक डब्यातून एक चिंचोका काढायचा, जोडी वहीत लिहायची आणि दोन्ही चिंचोके परत आपापल्या डब्यात टाकायचे. आम्ही घाईत बाहेरच ठेवायचो. बाई प्रत्येक बाकाशी येऊन बजावत, "परत टाका रे, परत टाका." एकेका बाकाचा हिशेब काही जमेना. कुणाला दोन्ही पांढरे लागोपाठ आले, कुणाला आलेच नाहीत. सगळ्या वर्गाचे आकडे फळ्यावर एकत्र मांडले, तेव्हा कुठे चारात एक जोडी दोन्ही पांढऱ्यांची, एक दोन्ही तपकिरी आणि दोन मिश्र, असं चित्र दिसू लागलं. मेंडेलला हजारो दाणे का मोजावे लागले, ते त्या दिवशी कळलं.

सिकलसेलचा हिशेब नेमका असाच चालतो; पांढरा चिंचोका म्हणजे बदललेलं जनुक. तांबड्या पेशीत ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं, बदल एवढाच. पण ऑक्सिजन कमी पडला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी पेशी मग दहा-वीस दिवसांतच फुटते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्या वेदनांनी लेकरू रात्र-रात्र कळवळतं. हे जनुक आई आणि बाप दोघांकडूनही आलं तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आलं तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहक सहसा ठणठणीत असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळतच नाही.

रिपोर्ट देताना सासू हमखास विचारते, "आमच्या घरी कोनालेच नाही हे बिमारी, मंग सुनेकडूनच आली ना?" मी सांगतो, "मावशी, लेकरू एसएस आहे म्हणजे एक दाणा तुमच्या मुलाकडूनही आला आहे." सुनेच्या चेहऱ्याकडे तेव्हा पाहवत नाही. किती वर्षं ती हा आरोप एकटी सोसत असते! दुसरा प्रश्न बापाचा असतो: "चारात एक म्हणता, तो झाला. आता पुढचे तीन चांगले निघतील ना?" नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका पुन्हा तेवढाच, चारात एक. डबे दर वेळी भरलेलेच असतात. बाई चिंचोके परत टाकायला का लावत होत्या, ते मला खऱ्या अर्थाने या खुर्चीवर बसून उमगलं.

याला कुणी 'खराब रक्त' म्हटलं की मला राग येतो. वाहकांना फॅल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे संशोधक ॲलिसन यांनी १९५४ मध्येच आफ्रिकेत दाखवून दिलं. आपल्या जंगलपट्ट्यात मलेरिया किती आहे, हे वेगळं सांगायला नको. ज्या जनुकाने पूर्वजांना जगवलं, त्याची लाज कशाला?

तपासणी सोपी आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट ही प्राथमिक चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी पक्की चाचणी. एका वाहकाने वाहक नसलेल्या जोडीदाराशी लग्न केलं, तर मूल एसएस होत नाही. ही माहिती लग्नाआधी हातात असली पाहिजे, आणि दहावीचं वय त्यासाठी अगदी योग्य आहे. म्हणून मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे: महोत्सवाच्या या वर्षात नववी-दहावीच्या मुलामुलींची तपासणी शाळेतच ठेवू. पालकांची लेखी संमती घेऊ, निकाल बंद पाकिटात फक्त पालकांच्या हाती देऊ, वर्गात कुणाचंही नाव वाचायचं नाही. किटसाठी आरोग्य विभागाकडे पाठपुरावा मी करेन. तारीख शाळेने ठरवावी.