कोपऱ्यातली सही

पोळ्याच्या दिवशी भर दुपारी भाच्याच्या लाकडी नंदीचा उजवा डोळा उडाला. माळ्यावरून काढताना चौकटीला घासला. चाकं शाबूत, घुंगरं शाबूत, शिंगंही शाबूत. फक्त डोळ्याच्या जागी पांढरं लाकूड. भाच्यानं भोकाड पसरलं. उद्या तान्हा पोळा, आणि आंधळा नंदी घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला कसं जायचं? हा पोरांचा पोळा नागपूरकर भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला असं सांगतात. तेव्हापासून किती नंदींचे डोळे उडाले असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

"काळा रंग आण, मीच ठिपका देतो," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग रडणं थांबवून सांगितलं, "पेंटरकडेच जावाचं."

बहिणीचं गाव ब्रह्मपुरीच्या बाजूला, धानाच्या बांध्यांमध्ये बसलेलं. गाव एवढंसं, पण पेंटर तीन. आणि पोळ्याच्या दुपारी गावातला झाडून सगळा ब्रश बैलांच्या शिंगांत अडकलेला. पहिले पेंटरभाऊ अंगणात शिंगाला हिरवा ऑइल पेंट देत होते आणि बैल मान हलवून तो त्यांच्याच बनियनला परत करत होता. मागे भिंतीला तीन बोर्ड टेकवलेले: बाबासाहेब, तुकडोजी महाराज, गाडगेबाबा.

"बाबासाहेबाच्या कोटाचा निळा जरासा उतरला तरी लोक सांगाले येते," ते म्हणाले. "महाराजाचं तसं नाही. भगवी टोपी अन् हातात खंजिरी, झालं. गाडगेबाबा लय कठीण."

"का हो?"

"चिंध्या ना जी! एक चिंधी दुसरीसारखी दिसली का संपलं."

मी बोर्डांच्या कोपऱ्यात वाकून सही शोधली. ही माझी जुनी खोड. चित्र कसंही असो, आधी उजवा खालचा कोपरा पाहायचा. दुकानाची पाटी, ट्रकची पाठ, शाळेची भिंत, काहीही चालतं. गावाकडच्या पेंटरांची सही बहुधा चित्रापेक्षा देखणी असते. शेवटच्या अक्षराची वेलांटी खाली नेऊन त्यातून पुन्हा नावाला अधोरेखित करणारे बहाद्दर मी पाहिलेत.

दुसरे पेंटर सासुरवाडीला गेले होते. बोर्डाचं काम बरंचसं फ्लेक्सनं खाल्लंय, शाळेची भिंत तेवढी उरली आहे, असं त्यांच्या पोरानं सांगितलं. भिंतीवर निळीच्या दोऱ्याच्या खुणा अजून होत्या. दोन टोकांना धरून दोरा फटकन सोडायचा, सरळ रेघ उमटते, तिला अक्षरं टांगायची. त्या रेघांपाशी उभा राहिलो आणि आमच्या घराची भिंत आठवली.

रस्त्याकडची होती म्हणून सरकारी कामाला निवडली गेली. सायकलवर डबे लटकवून एक पेंटर आला. त्यानं दोरा मारला, लाल त्रिकोण काढला, 'हम दो, हमारे दो' लिहिलं आणि बाजूला हसरं चौकोनी कुटुंब काढलं. चौघांचाही चेहरा एकच, बापाला तेवढ्या मिशा. माझ्या आजीला सात लेकरं. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली आणि डोक्यामागे हा त्रिकोण. येणारा-जाणारा तिकडे पाहून खोकायचा. आजीला वाचता येत नव्हतं. तिला वाटायचं दवाखान्याची जाहिरात आहे, म्हणून लोकांना खोकला येतो.

काम संपल्यावर तिनं पेंटरला चहा दिला आणि म्हणाली, "बाबू, रंग उरला असंल तर आत मले जिवती काढून दे." आमच्याकडे दरवर्षी जिवतीचा छापील कागद लागायचा. तो पावसाळ्यात दमट व्हायचा आणि झुरळं खायची. पेंटर चुलीमागच्या भिंतीपाशी बसला. वर नरसिंह, कालियावर नाचणारा कृष्ण, हत्तीवर आणि वाघावर बुध-बृहस्पती, आणि मधोमध जिवत्या. मांडीवर लेकरू, पाठीशी लेकरू, पाळण्यात लेकरू. आजी म्हणे, "अजून एक काढ, ती जागा रिकामी दिसते." त्यानं काढलं. बाहेर दोन, आत मोजून अकरा. रंग त्याच डब्यातला, दुपारही तीच, आणि अकरांचाही चेहरा बाहेरच्या पोरासारखाच.

बाहेर त्यानं ऐटदार सही ठोकली होती. आत नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "देवाखाली नाव नसते टाकत."

भाच्यानं हात ओढला. तिसरे पेंटर म्हातारे. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातल्या, नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांची उमर गेलेली. वडशाच्या नाटक कंपन्यांची ऑर्डर दिवाळीआधी यायची: एक महाल, एक जंगल, एक रस्ता. रस्त्याच्या पडद्याला सगळ्यात जास्त मागणी, कारण हिरो घर सोडून जातोच. ते आतून एक जुनं जंगल काढून दाखवणार होते, पण घडी उंदरांनी कुरतडली होती. त्यांनी दोन बोटांनी भोक मोजलं आणि पुन्हा घडी घातली. त्यावर कोणी काही बोललं नाही.

नंदी मांडीवर घेऊन त्यांनी चष्मा पुसला. पांढरा, मग काळा, मग सुईएवढा पुन्हा पांढरा ठिपका. दोन मिनिटांत डोळा तयार, आणि डाव्याच्या दुप्पट मोठा.

"जरा मोठा नाही झाला का जी?" मी.

"शेवटच्या रांगेतून दिसला पाहिजे," ते म्हणाले.

भाचा एवढा खूश झाला की डावाही तेवढाच करा म्हणून बसला. त्यांनी केला. पैसे घेतले नाहीत. नंदी आता सगळ्या गावाकडे एकदम दचकून बघत होता. घरी येताना मी त्याला उलटा करून पोटाखाली पाहिलं. खोडच ती. काही नव्हतं.

रात्री आईला फोन केला. आमची ती भिंत घर नव्यानं बांधताना पडली, चुलीमागचीही. बाहेरची सही मी शाळेत जाता-येता रोज वाचायचो, पण नाव काही केल्या आठवेना.

"कोणता पेंटर?"

"अगं, आजीला जिवती काढून दिली तो."

ती बराच वेळ थांबली. "आपण तर पेंटरच म्हणत होतो त्याले," ती म्हणाली. "चहात साखर लय लागे."