वरचा गोळा

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात राहणाऱ्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांची गोष्ट रविवारी दुपारी तीन-साडेतीनला नेऊन ठेवली, की विनोदी लेखकाचं निम्मं काम झालं. त्या वेळी न कळवता पाहुणे टपकतात आणि त्यांच्यापुढे फास्पा, म्हणजे दुपारचा हलका फराळ, मांडावाच लागतो: ट्वेबाक पाव, लोणी, जॅम, चीज, थंड हॅम, कॉफी. कॉफीत बुडवायला साखरेचे खडे. दारात पीटर पेनर उभा आहे म्हणावं, तर गावात पेनर आडनावाचे पोत्याने. टोपणनाव लावल्याशिवाय कुठला ते कळत नाही.

रविवारी भाजाभाजी नाही, म्हणून ट्वेबाक शनिवारीच होतात. हा दुमजली पाव. दोन कप दुधाला कपभर लोणी किंवा डुकराची चरबी, मीठ, थोडी साखर, यीस्ट. पीठ मऊच हवं. फुगून दुप्पट झालं की अंगठा आणि तर्जनीमधून दाबून गोळे काढायचे. खालचा मोठ्या लिंबाएवढा, वरचा जरा लहान. वरचा ठेवला की मधोमध बोटाचं पेर थेट ट्रेला टेकेपर्यंत खुपसायचं. घोडं पेंड खातं ते इथेच. हात हलका पडला तर ओव्हनमध्ये खालचा फुगतो आणि वरचा कलत कलत घसरतो. पीठ सैल असेल तर दोन्ही मजले बसतात. असा ट्रे टेबलावर आला की पाहुणीबाई काही बोलत नाहीत, फक्त सरळ उभा असलेला शोधून घेतात. यजमानीणबाईंना तेवढं पुरतं.

हे बाहेरच्याला समजावून सांगितलं की गंमत गेली. लेखक आर्नल्ड डिक यांनी 1940च्या दशकात कोप आणि बुआ ही शेतकऱ्यांची जोडगोळी प्रवासाला धाडली ती प्लाउटडिट्श या मेनोनाइटांच्या जर्मन बोलीतच. ज्यांच्या घरात ती बोली, त्यांच्यासाठी. आर्मिन वीब यांनी 1984मध्ये आपल्या कादंबरीतल्या यॅश सीमेन्सला इंग्रजी बोलायला लावलं, पण वाक्यांची चाल घरच्या बोलीचीच ठेवली. धाडसाचं काम वीब यांचं, असं आपलं माझं मत.

उरलेले ट्वेबाक, सरळ काय न् कललेले काय, मंद आचेवर वाळवतात. 1870च्या दशकात रशियातून कॅनडाला निघालेल्या मेनोनाइट कुटुंबांची बोटीवरची शिदोरी हीच होती. ओल पूर्ण जायला हवी. आत जरा दमट राहिला की बुरशी धरते, आणि भर समुद्रात दुसरे कुठून आणणार?