भिंतीत राहिलेला अर्ध्या इंचाचा तुकडा

बेसिनचा नळ ठिबकत होता. वॉशर बदलायचं, एवढंच त्या सुट्टीचं काम होतं आणि त्याला अर्धा तास पुरतो. पण खालचा अँगल कॉक, म्हणजे बेसिनचं पाणी बंद करायचा भिंतीवरचा छोटा कॉक, पूर्ण बंद होईना. चावी आवळली की तिच्या मुळाशी पाणी पाझरायचं. म्हणून अख्खा कॉकच बदलायला घेतला. पान्याला जोर दिल्यावर तो फिरला आणि हातात आला तो आट्यांशिवाय. आट्यांचा भाग, १२ मिमी लांबीची पितळी नळी, भिंतीतल्या एल्बोमध्येच, म्हणजे पाइपाच्या काटकोनी सांध्यातच, राहिली. तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. ती बाहेर आली तेव्हा तीन वाजून गेले होते.

तुटलेली कड नीट बघावी, कारण तिथेच कळतं. चांगलं पितळ पिवळं असतं. इथे कड लालसर होती आणि नखाने खरवडली तरी कण निघत होते. पाण्यामुळे पितळातलं जस्त वर्षानुवर्षं विरघळत जातं आणि मागे उरतं ते पोकळ, ठिसूळ तांबं. वरून कॉक चकचकीत दिसतो, आत मान कुजलेली असते. त्यातच आधी कॉक बसवणाऱ्याने टेफ्लॉनच्या पांढऱ्या टेपचे थरावर थर गुंडाळून वर रंग चोपडला होता. याचा मला अजून राग आहे. आटे टेपने घट्ट होतात, त्यावर रंगाची काही गरज नसते. तो वाळून दगड होतो आणि पुढे कॉक काढणाऱ्याच्या वाट्याला हे असं येतं.

अशा वेळी हाताशी येईल ते आत ठोकून फिरवायचा मोह होतो. जाड पेचकस आत बसतो, पण मऊ पितळ खरवडून सुटतो. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटलेले बोल्ट काढायचा निमुळता, उलट्या आट्यांचा दांडा, वापरून पाहिला, तो तर उलटाच पडला. भरीव बोल्टसाठी तो उत्तम, पण इथे पातळ भिंतीची नळी असते. एक्स्ट्रॅक्टर जितका आत जातो तितका तो नळीला बाहेर फुगवतो आणि ती एल्बोच्या आट्यांत आणखी घट्ट रुतते. यात पाऊण तास गेला. गंज सोडवणारं तेल सोडून बघितलं, पण टेप आणि रंगाने फट बुजली असेल तर तेल शिरायला वाटच नसते. गॅसच्या ज्योतीचा विचारही करू नका. भिंतीतला पाइप प्लॅस्टिकचा असेल तर सांधाच मऊ पडेल.

शेवटी उपयोगी पडलं ते करवतीचं साधं ब्लेड. इंचाला २४ दात असलेलं घ्यावं, एका टोकाला जाड फडकं गुंडाळून मूठ करावी आणि दातांचा रोख आपल्याकडे ठेवावा. म्हणजे ओढताना कापलं जातं. ढकलताना कापायला गेलात तर ब्लेड वाकतं. तुकडा जेवढा खोल आहे तेवढ्या अंतरावर ब्लेडला चिकटपट्टी लावून खूण करा, त्यापुढे ब्लेड जाऊ द्यायचं नाही. मग नळीच्या आतल्या बाजूने, लांबीच्या दिशेने दोन खाचा पाडायच्या, एकमेकींपासून ८ ते १० मिमीवर.

खरी कसोटी आहे थांबायचं कुठे याची. या मापाच्या आट्याची खोली एक मिलिमीटरहून किंचितच जास्त असते. खाच त्यापलीकडे गेली की एल्बोचे आटे कापले जातात आणि मग भिंत फोडण्यावाचून इलाज उरत नाही. सुरुवातीला नुसती पितळी भुकटी पडते. त्यात पांढरे तुसे दिसू लागले की समजावं, ब्लेड टेपपर्यंत पोचलं. तिथून पुढे चार-पाच हात ओढायचे, टॉर्चने बघायचं, पुन्हा दोन ओढायचे. घाई मलाही झाली होती. पण शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला अर्धा तास लागला तरी तो द्यावा. दोन्ही खाचा झाल्यावर मधल्या पट्टीच्या कडेवर बारीक छिन्नी टेकवून हातोडीने हलके ठोके, नळीच्या मध्याकडे. पट्टी आत दुमडते, उरलेल्या नळीची पकड सुटते, आणि चोचीच्या पक्कडीने धरून फिरवलं की तुकडा निघतो. तो हातात आला तेव्हा मी दहा मिनिटं जमिनीवरच बसून होतो, इतकं बरं वाटलं.

राहिलंच होतं सांगायचं: कापायला घेण्याआधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून घरातला सर्वांत खालचा नळ उघडा ठेवा, नाहीतर पाइपातलं उरलेलं पाणी एल्बोतून ठिबकत राहतं आणि आतलं काही दिसत नाही. व्हॉल्व्ह जुन्या, बरेच वेढे फिरवायच्या प्रकारचा असेल तर तो आदल्या दिवशीच बंद होतो का ते बघा. पाणी अडवणारी आतली पट्टी अडकलेली असते, आणि ते ऐन वेळीच कळतं.

एल्बोचे आटे जुन्या टूथब्रशने साफ केले, बादली धरून पाच सेकंद पाणी सोडलं. पितळाची भुकटी नव्या नळात गेली तर पहिल्याच दिवशी जाळी तुंबते. नवा कॉक दुकानात मागताना तुटका सोबत न्या. अर्धा इंच हे नुसतं नाव आहे. आट्यांचा बाहेरचा व्यास मोजला तर २१ मिमीच्या आसपास भरतो आणि पट्टीने मापून गेलेला माणूस पाऊण इंची घेऊन येतो.

टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडे धरावं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जावं, पहिला आटा मोकळा सोडून. उलटी गुंडाळली तर आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. एल्बोचे आटे थोडे खरवडले गेले होते म्हणून मी पातळ टेपचे दहा वेढे दिले. प्लॅस्टिकच्या आट्यांत मात्र इतके देऊ नयेत, तडा जातो. कॉकचं तोंड खाली येईपर्यंत आवळायचं, आणि ते पुढे सरकलं तर मागे फिरवायचं नाही. मागे फिरवलं की टेपची पकड गेलीच. कॉक काढून टेप नव्याने गुंडाळावी. माझा दुसऱ्या खेपेला बसला. बेसिनच्या लवचीक पाइपाला टेप लागतच नाही, तिथे रबरी वॉशर पाणी अडवतं. हाताने घट्ट करून पान्याने पाव वेढा, बास.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: कॉक नुसता पाझरत असेल तर तो भिंतीतून काढूच नका. टाकीचं पाणी बंद करून चावीखालचा स्पिंडल, म्हणजे चावीबरोबर फिरणारा आतला दांडा, तेवढा काढा आणि तसाच नवा बसवा. धड जागेवरच राहतं, भिंतीतल्या आट्यांना हात लागत नाही. मला हे साडेनऊला सुचलं असतं तर दिवस वाचला असता.

ठिबकणाऱ्या नळाचं वॉशर संध्याकाळी सात वाजता बदललं, वीस मिनिटांत. झोपताना कॉकखाली कोरड्या वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला. त्यावर थेंब पडला तर डाग लगेच दिसतो. सकाळी कागद कोरडा होता.