पेटी, खंजिरी आणि आय3: घरच्या रेकॉर्डिंगसाठी स्वस्तातला प्रोसेसर

नागपूरला बर्डीवर जाऊन "रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटर पाहिजे" म्हटलं, की दुकानदार बहुतेक वेळा गेमिंगचा डबा पुढे करतो. समोरून काच, आत लाल-निळे दिवे, चार-सहा पंखे. भजनाच्या रेकॉर्डिंगला यातलं काहीच लागत नाही. ते पंखे मात्र माइकात बरोबर ऐकू येतात.

आधी कामाचा हिशेब करा. पेटी, तबला, खंजिरी, टाळ, गायक आणि मागचा कोरस धरून फार तर आठ ट्रॅक, म्हणजे वेगवेगळ्या नोंदी होतात. 48 किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाच्या 48 हजार नोंदी, म्हणजे सॅम्पल), 24 बिटवर एक मोनो (एका माइकचा) ट्रॅक मिनिटाला साधारण 8.6 एमबी खातो, म्हणजे आठ ट्रॅकचे 69 एमबी. सहा मिनिटांचं भजन सव्वाचारशे एमबीच्या आत बसतं. एवढं नुसतं लिहून घ्यायला जुनाट मशीनलाही घाम फुटत नाही. प्रोसेसरचा खरा कस लागतो तो गाताना हेडफोनमध्ये लगेच रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) हवा असतो तेव्हा, किंवा कीबोर्डवर सॉफ्टवेअरमधली सतार-बासरी वाजवायची असते तेव्हा.

कारण बफर, म्हणजे प्रोसेसर एका दमात हाताळतो तो आवाजाचा छोटा तुकडा. 128 सॅम्पलचा बफर लावला तर दर 2.7 मिलिसेकंदाला प्रोसेसरने सगळा हिशेब पुरा करून द्यायचा असतो. एक फेरी चुकली की "टक्" असा आवाज येतो. जाण्या-येण्याचे दोन बफर आणि इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचा) स्वतःचा वेळ धरून 8 मिलिसेकंदांच्या आसपास उशीर होतो. पेटीवाला नऊ फुटांवर बसला असेल तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला एवढाच वेळ लागतो. गाताना जाणवतही नाही. तेच 1024 वर नेलं तर नुसत्या बफरचेच 43 मिलिसेकंद होतात. गायक ओसरीवर आणि ठेका पन्नास फुटांवरच्या गोठ्यात! म्हणून रेकॉर्डिंग 128 वर आणि मिक्सिंग (तेव्हा उशीर चालतो) 1024 वर करायचं.

आता कोअरची, म्हणजे प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे हिशेब करणाऱ्या भागांची गोष्ट. एका ट्रॅकवर ईक्यू (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारा), मग कॉम्प्रेसर (आवाजाची चढ-उतार आवरणारा), मग रिव्हर्ब अशी साखळी असते. पहिल्याचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येत नाही, त्यामुळे अख्खी साखळी जवळपास एकाच कोअरवर चालते. मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे) लावलेल्या इफेक्टचंही तेच. आठ मंद कोअरपेक्षा चार तेज कोअर इथे जास्त कामाला येतात.

या हिशेबात इंटेलचा आय3-12100 चोख बसतो. चार कोअर, आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), 4.3 गिगाहर्ट्झपर्यंत वेग, आणि स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्स आतच. सॉफ्टवेअर वाद्यं भरपूर वापरणार असाल तर सहा कोअरचा आय5-12400 किंवा एएमडीचा रायझन 5 5600जी घ्या. इंटेलच्या नावामागे "एफ" असेल, म्हणजे 12100एफ, तर तो थोडा स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. मग वेगळं कार्ड घ्या, त्याचा पंखा ऐका आणि त्याच्या ड्रायव्हरचे (ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) झटके सोसा. वाचलेले पैसे तिथेच जातात. इंटेलला एच610 मदरबोर्ड पुरतो, पण तो डीडीआर4 चा आहे की डीडीआर5 चा ते बघूनच रॅम घ्या, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. 8 जीबीच्या दोन काड्या लावा, 16 ची एक नको.

जुन्या मालात "आय5 आहे भाऊ" हे वाक्य काहीच सांगत नाही. कोणत्या पिढीचा, ते विचारा. आय5-6500 हा सहाव्या पिढीचा, 2015 चा. वरचा आय3 त्याला आरामात मागे टाकतो. शिवाय विंडोज 11 साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचं लागतं, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. ऑफिसातून निघालेला आय5-8500 चा डबा चांगल्या अवस्थेत मिळाला तर खुशाल घ्या. त्याच्या खाली उतरू नका.

आपल्याकडे खरा शत्रू मे महिना. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. 25 अंशांच्या खोलीत 65 वर राहणारा प्रोसेसर 45 च्या खोलीत 85 च्या घरात जातो. पंखा बोंबलायला लागतो, आणि धूळ साचलेली असेल तर प्रोसेसर 100 ला टेकून वेग कमी करतो. पाण्याचा कूलर रेकॉर्डिंगला बंदच ठेवावा लागतो, म्हणजे खोली आणखी तापते. म्हणून टेक (रेकॉर्डिंगची फेरी) पहाटे घ्या. कूलरचा झोत डब्यावर कधीही सोडू नका. त्या ओल्या हवेत धूळ चिकटून बसते आणि पंख्याच्या पात्यांवर तिचा लेप चढतो.

टकटक आली की लगेच प्रोसेसरला दोष देऊ नका. रीपरमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) परफॉर्मन्स मीटर उघडा. सीपीयू (प्रोसेसर) 20 टक्क्यांवर असूनही टकटक येत असेल तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. लेटन्सीमॉन (ड्रायव्हर तपासणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं चालवा, कोणता ड्रायव्हर जास्त वेळ खातो ते दिसतं. वायफाय असेल तर रेकॉर्डिंगपुरतं बंद करा. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सेटिंग) बंद करा. सकाळी ठीक आणि दुपारी टकटक असेल तर ती उष्णता. आणि रेकॉर्डिंगसाठी आर्म (सज्ज) केलेल्या ट्रॅकवर जड रिव्हर्ब लावू नका: रीपर बाकीच्या ट्रॅकचा हिशेब आगाऊ करून ठेवतो, थेट ऐकल्या जाणाऱ्या ट्रॅकचा मात्र त्याला त्या क्षणीच करावा लागतो. नुसता आवाज घ्यायचा असेल तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर बटण दाबा, आवाज कॉम्प्युटरात न जाता सरळ हेडफोनमध्ये येतो. मग प्रोसेसरचा प्रश्नच उरत नाही.

टकटकीऐवजी सलग "हूंऽऽ" येत असेल तर ते विजेचं दुखणं. लाईन गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, गुणगुण ट्रॅकमध्ये उतरते. शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीवर लोड येऊन व्होल्टेज पडतं, म्हणून 600 व्हीएचा यूपीएस हवाच. चाललेला टेक सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याइतका वेळ तो देतो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आठवड्यातून एक-दोन बादल्या पाणी त्यात ओता. आणि कापूस-तुरीचा हंगाम संपला की डब्याचं झाकण काढून पंखा मऊ ब्रशने साफ करा, पातं बोटाने धरून. ब्लोअरच्या झोताने मोकळा फिरू दिला तर त्याचं बेअरिंग जातं.