घड कुजलाय की नुसत्या टोप्या? माझा अनुभव

द्राक्षाचा घड तपासायला देणार असाल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत देऊ नका. हे आधीच सांगतो, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल.

आमची बाग तासगाव तालुक्यात, दीड एकर, द्राक्षाची जात सुपर सोनाका. ऑक्टोबरच्या मध्याला फळछाटणी झाली आणि चाळिसाव्या दिवशी, ऐन फुलोऱ्यात, दोन दिवस झिमझिम पाऊस. तिसऱ्या दिवशी आबा बांधावरनंच ओरडले, "घड काळं पडाय लागल्यात रं!" जवळ जाऊन बघितलं तर काळं नव्हतं, तपकिरी होतं. घडाच्या आत भुसा भरल्यासारखं. डाऊनी म्हणजे केवडा, हा बुरशीचा रोग म्हणावा, घडकूज म्हणावी की काय? पावसाआधीची फवारणी तर झालेली. दुकानदारानं मोबाईलवरचा फोटो बघून सात हजारांची औषधं काउंटरवर मांडली. त्या फोटोत त्याला काय दिसलं देव जाणे. फुलोऱ्यात नको ती मिश्रणं मारली की फूल जळतं, म्हणून म्हटलं आधी निदान करून घेऊ.

गुरुवारी सकाळी सहा घड तोडले, वर पाणी शिंपडलं आणि पिशवीत घालून गाठ मारली. ताजे राहतील म्हणून! कृषी कार्यालयात उत्तर मिळालं, "साहेब मीटिंगला गेलेत. तपासणीच्या मॅडम सोमवारी येतील. पिशवी ठेवून जावा." रजिस्टरला नाव, मोबाईल, गट नंबर. गट नंबर दोनदा लिहून घेतला. छाटणीची तारीख कुणी विचारली नाही, पाऊस कधी पडला तेही नाही. शुक्रवारी तीनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. पुढं शनिवार-रविवार. बाग फुलोऱ्यात आणि मी सुट्टी संपायची वाट बघतोय.

सोमवारी अकराला गेलो. पिशवी खिडकीत, मी ठेवली होती तिथंच. त्या खिडकीत दुपारभर ऊन येतं. आतून पाणी सुटलेलं, घडांचा काळा चिखल झालेला. मॅडमनी गाठ सोडली आणि मान फिरवली. "दादा, ह्यात आता सगळ्याच बुरश्या दिसतील. बागेतली कुठली आणि पिशवीतली कुठली, कसं सांगू? नवीन नमुना आणा, कागदात गुंडाळून." मी म्हटलं, "हे गुरुवारीच कुणी सांगितलं असतं तर?" त्या गप्प बसल्या. त्यांची चूक नव्हतीच. शिपाई मात्र म्हणाला, "पिशवी घेऊन जावा, वास सुटलाय."

तसं उत्तर मला रविवारीच घरात मिळालं होतं, सोमवारी मी नुसती खात्री करायला गेलो होतो. शेजारच्या तात्यांनी शनिवारी संध्याकाळी सांगितलं, "आरं, डब्यात घालून बघ की." स्टीलच्या डब्यात ओला वर्तमानपत्राचा कागद, त्यावर सहा ठिकाणचे घडाचे तुकडे, वर झाकण. रात्रभर स्वयंपाकघरात. डाऊनी असेल तर सकाळी देठावर पांढरी लव येते. लव करडी, धुरकट असेल तर ती बोट्रायटिस या दुसऱ्या बुरशीची. सकाळी चार तुकडे कोरे निघाले. दोन पांढरे, दोन्ही ओढ्याकडच्या ओळींतले, जिथं पानांची दाटी आहे.

मग त्या चारांतला भुसा काय? फुलांच्या टोप्या. द्राक्षाच्या फुलाच्या पाकळ्या उमलत नाहीत, एकत्रच टोपीसारख्या सुटून पडतात. पावसानं त्या घडातच चिकटल्या आणि वाळल्या. फुंकर मारली की उडत होत्या, खाली देठ हिरवागार. ओढ्याकडच्या घडांचा देठच तपकिरी, दाबला की मऊ लागणारा, आणि घडाची शेपटी वळलेली. गुरुवारी मी रंगच बघत बसलो होतो, देठाला बोटही लावलं नव्हतं.

रोगट घड काढून बागेबाहेर पुरले, दाटीतली पानं काढली. फवारणी सगळ्या बागेला घेतली, पण एकाच औषधाची, दीड हजारात. बाकीच्या ओळींत तारा हलवून टोप्या झटकल्या. टोप्या निरुपद्रवी म्हणून तशाच ठेवायच्या नाहीत, त्यात ओल धरते आणि पुढं कूज तिथनंच सुरू होते.

अजून एक राहिलं. पानं बघायची तर सकाळी आठच्या आत, दव असताना. वरून तेलकट डाग दिसला की पान पालथं करा. ऊन चढलं की लव सुकते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. आणि नमुना द्यायचाच असेल तर सोमवारी द्या, घडाबरोबर पानही द्या आणि छाटणीची तारीख, पावसाचे दिवस चिठ्ठीवर लिहा. कुणी विचारणार नाही.

डिसेंबरच्या शेवटी विरळणी चालू होती, मणी हरभऱ्याएवढे झालेले. कार्यालयातून फोन आला. "तुमचा नवीन नमुना अजून जमा नाही. रजिस्टरला पेंडिंग दिसतंय."